वाकवलेला सूर

मित्रांनो, सनई तुम्ही पाहिली असेल. लग्नाच्या मांडवात, देवळाच्या ओसरीवर ऐकलीही असेल. मी तिची परमुलखातून आलेली चुलत बहीण, रंगाने काळी, अंगाने लांब, अंगभर चांदीसारख्या चाव्या ल्यालेली. लोक मला क्लॅरिनेट म्हणतात. आता माझे वय झाले आहे. सांध्यांची बुचे सुकली आहेत, दोन चाव्या दाबल्या की कुरकुरतात आणि छातीवर एक बारीक तडा गेला आहे. बोलायला फार दम उरलेला नाही. तरी तुम्ही बसला आहात तर सांगते.

माझे लाकूड आफ्रिकेच्या जंगलातले. त्याच खंडातून एके काळी माणसांना जहाजांत कोंबून अमेरिकेत नेले होते. कापसाच्या शेतांत राबताना, दगड फोडताना ती माणसे जे गायली, त्यातून पुढे ब्लूज नावाचे गाणे झाले आणि मग जॅझ नावाचे वादन. मला हे काही ठाऊक नव्हते. एका थंड देशातल्या कारखान्यात मला कोरले, भोके पाडली, तेल पाजले आणि पेटीत घालून कलकत्त्याच्या दुकानात पाठवले. तिथून मला बिलासपूरच्या रेल्वेतले एक गार्ड, विल्फ्रेड साहेब, घेऊन गेले.

विल्फ्रेड साहेब अँग्लो-इंडियन होते. रेल्वेच्या इन्स्टिट्यूटमध्ये शनिवारी संध्याकाळी नाच असे, तिथे ते मला वाजवत. ब्लूज-जॅझच्या जुन्या तबकड्या ऐकून ऐकून ते शिकले होते. त्यांनी मला एक गोष्ट शिकवली, आणि तीच माझी आयुष्यभराची कमाई. कोमल गंधार तुम्हाला माहीत आहे, शुद्ध गंधारही माहीत आहे. त्या दोघांच्या मध्ये एक जागा आहे. तिथे सूर ठेवायचा नसतो, तिथून तो घसरत न्यायचा असतो. बाजाच्या पेटीच्या पट्ट्यांवर ती जागा सापडत नाही. ती ओठांच्या दाबाने सापडते.

इन्स्टिट्यूटच्या खिडकीबाहेर माल कचेरीतला एक नवा कारकून उभा राहून ऐकत असे. वर्ध्याकडचा, सडपातळ, श्यामकांत नावाचा. साहेबांनी एकदा त्याला आत बोलावले आणि मला त्याच्या हातात दिले. त्याने सूर लावला. साहेब म्हणाले, "सीधा नहीं, बाबू. थोडा झुकाओ. दुखता है ना? उतना झुकाओ."

पुढे साहेबांचे कुटुंब ऑस्ट्रेलियाला निघाले. सामान फार झाले होते. साहेबांनी मला शेवटचे पुसले आणि श्यामकांतच्या हवाली केले. तेव्हापासून मी त्याची.

त्याचे लग्न झाले. इंदू घरात आली. पहिल्याच आठवड्यात तिने मला सवत म्हणायला सुरुवात केली. श्यामकांतने पेटी उघडली की ती स्वयंपाकघरातून ओरडायची, "अहो, बाईनं रडणं सुरू केलं का? वरण उतू जाऊन राहिलं इकडे!" पण पावसाळ्यात माझ्या लाकडाला तेल लावायचे ते इंदूनेच. श्यामकांत विसरायचा, ती विसरत नसे.

छत्तीसगड राज्य झाले, रायपूर राजधानी झाली. काही दिवसांनी रायपुरात रेल्वेची मोठी कचेरी आली आणि श्यामकांतची बदली तिथे झाली. शहर तेव्हा सगळीकडून उकरलेले होते. नव्या इमारती, नवे रस्ते, जिथे तिथे वाळूचे ढीग. मराठी मंडळींच्या कार्यक्रमांत श्यामकांत मला घेऊन जाई. लोक टाळ्या वाजवत, "वा, वेगळंच आहे!" म्हणत आणि पुढच्या नाट्यपदाची वाट पाहत. तेवढे कौतुक मला पुरत असे. मग तेही कमी झाले. निवृत्तीनंतर त्यांनी तेलीबांधा तलावाच्या बाजूला, नव्या रायपूरच्या वाटेवर फ्लॅट घेतला आणि मी कपाटात स्वेटरांच्या शेजारी गेले. आठवड्यातून एखाद्या संध्याकाळी गॅलरीत बाहेर येई, बस.

आणि तेवढ्यातही धुमाल असे.

मित्रांनो, धुमाल तुम्ही ऐकले नसेल तर कानांचे नशीब. मालवाहू ट्रकवर भिंतीएवढे स्पीकर रचायचे, त्यावर कीबोर्ड आणि विजेवर चालणारी, ढोलासारखी बडवायची पॅड जोडायची आणि वरातीपुढे ती गाडी चालवायची. आमच्या इमारतीखालीच मंगल भवन होते. लग्नसराईत गाडी आली की आमच्या खिडक्यांच्या काचा थरथरत, फडताळातली भांडी वाजत. श्यामकांत दातओठ खात खिडक्या लावून घेई.

दात म्हटले खरे, पण तेव्हाच दातांचे दुखणे सुरू झाले होते. त्याला साखरेचा आजार होता. शंकर नगरच्या दातांच्या डॉक्टरीण बाईंनी तपासून सांगितले, "काका, वरचे पुढचे दात पार हलून राहिले. हिरड्यांत पू आहे. काढावेच लागतील, आणि लवकर."

तुम्हाला वाटेल, दात गेले तर कवळी बसवावी. पण मला वाजवताना वरचे दात माझ्या तोंडावर टेकतात. त्याच आधारावर ओठ दाब कमीजास्त करतात आणि सूर वाकतो. कवळीवर तो आधार राहत नाही. श्यामकांतला हे ठाऊक होते. त्याने घरी कोणाला काही सांगितले नाही. फक्त मला रोज बाहेर काढू लागला.

अशाच एका संध्याकाळी तो गॅलरीत वाजवत होता. विल्फ्रेड साहेबांची जुनी संथ चाल. अर्धी झाली आणि खाली धुमाल सुरू झाले. त्याचा फुंकलेला श्वास माझ्यातून जात होता, पण मलाच माझा आवाज ऐकू येईना. श्यामकांत उठला. मला हातात तशीच धरून जिना उतरला आणि गाडीपुढे जाऊन उभा राहिला.

"बंद करा हे! माणसं राहून राहिले इथं, जनावरं नाही!"

कीबोर्डवरचा माणूस, तिशीतला, घामाने निथळलेला, खाली वाकला. "अंकल, शादी है. खुशी का दिन है. थोडा सह लो."

"मले माझं वाजवलेलं ऐकू नाही येऊन राहिलं, आन् तू म्हणतो सह लो?"

तेव्हा त्या माणसाने मला पाहिले. हात वर करून त्याने पॅडवाल्याला थांबवले. "ये आप बजाते हो? तो बजाओ ना." त्याने माईक पुढे केला.

श्यामकांत चिडलेला होता. त्या चिडीतच त्याने मला ओठांना लावले आणि साहेबांची ती घसरती, मोडत जाणारी ओळ वाजवली. मित्रांनो, एवढ्या वर्षांत मी खोल्यांत वाजले, हॉलमध्ये वाजले. पण भिंतीएवढ्या स्पीकरांतून माझा आवाज रस्त्यावर पडला तेव्हा मीच दचकले. नाचणारे थबकले. मग वरातीतला कोणी ओरडला, "भैया, ये क्या रोना लगा दिया! नाच वाला बजाओ!" लोक हसले. पॅड पुन्हा सुरू झाले. श्यामकांत मान खाली घालून वर आला आणि मला पेटीत ठेवले. पेटीचे झाकण त्याने जरा जोरातच लावले.

दुसऱ्या दिवशी दुपारी दारावरची बेल वाजली. तोच माणूस. दयाराम त्याचे नाव. इंदूने त्याला बसायला सांगितले, चहा-चिवडा दिला. चहाचा कप खाली ठेवून तो म्हणाला, "मेरे बाबू मोहरी बजाते थे. अपना देसी शहनाई समझो. वो भी ऐसेच रोती थी. अब उनका दम नहीं रहा. मैंने कीबोर्ड में बहुत खोजा, अंकल, वो सुर मिला नहीं."

त्याची मागणी साधी होती. आपल्या खोलीवर येऊन श्यामकांतने मला वाजवावे. तो ते यंत्रात भरून घेईल आणि त्याला कीबोर्ड-पॅडचा ठेका जोडून बघेल.

"त्या गोंगाटात? माझं ब्लूज?" श्यामकांत म्हणाला. "नाही जमत."

दयाराम गेल्यावर इंदू कप उचलता उचलता म्हणाली, "जा ना."

"काहून जाऊ?"

"दात काढल्यावर काय वाजवणार?"

श्यामकांतचा हात गालाकडे गेला.

"मले समजत नाही वाटते का तुम्हाले? महिना झाला, पोळी चहात बुडवून खाऊन राहिले तुम्ही." तिने कप खाली ठेवले. "सवत आहे माझी. पण तिचा आवाज असा मुका जाऊ नये, असं वाटते मले."

तो गेला. दयारामची खोली तलावामागच्या वस्तीत होती. आवाज घुमू नये म्हणून त्याने भिंतींवर गोधड्या टांगल्या होत्या. दुपारभर श्यामकांत वाजवत होता. दुखले की थांबायचा, कोमट पाण्याने चूळ भरायचा, पुन्हा मला उचलायचा. दयाराम यंत्रापाशी बसून होता. फक्त एकदा म्हणाला, "एक बार और, अंकल? वही वाला."

चार-सहा दिवसांनी आम्ही ऐकायला गेलो. आधी एक लांब, गुणगुणणारा आवाज आला, तंबोऱ्यासारखा, पण विजेचा. मग पॅडचा संथ ठोका. मग मी. माझ्या ओळीखाली माझीच दुसरी ओळ, तिच्याखाली तिसरी. मी माझ्याच आवाजाला साथ करत होते. श्यामकांतने डोळे मिटले होते. आणि ती जागा आली, कोमल आणि शुद्ध यांच्या मधली, आणि गेली. काही झालेच नाही. सूर सरळ शुद्ध गंधारावर जाऊन बसला, हिशेब चुकता केल्यासारखा.

श्यामकांतने डोळे उघडले. "हे काय केलं?"

"क्या हुआ, अंकल?"

"सूर सरळ कोणं केला?"

दयाराम गोंधळला. त्याने यंत्राच्या पडद्यावर बोट ठेवले. "मशीन लाल निशान बता रहा था. बोला गलत है. तो मैंने ठीक कर दिया. एक बटन का काम है."

"चूक नव्हती ती! वाकवली होती!" श्यामकांतचा आवाज चिरकला. "त्या वाकण्यासाठीच माणसानं जन्म घालवला, आन् तू एक बटन दाबून इस्त्री केली!"

त्याने मला उचलले. दयाराम दारापर्यंत मागे आला, "मैं वापस कर दूँगा, अंकल, जैसा था वैसा," म्हणत राहिला. श्यामकांतने वळून पाहिले नाही. घरी आल्यावर त्याने डॉक्टरीण बाईंना फोन केला आणि दात काढायचा दिवस ठरवला. मला त्याने स्वेटरांच्याही मागे, भिंतीला लावून ठेवले. तिथे डांबराच्या गोळ्यांचा वास होता. मी म्हटले, चला, संपले. खरे सांगते, वाईटही फारसे वाटले नाही. फार थकले होते.

दात काढायच्या दिवशी सकाळीच फोन वाजला. दयाराम बोलत होता. त्याचे वडील शालिग्राम पहाटे गेले होते, अभनपूरजवळच्या गावात. त्यांच्याकडे पिकल्या माणसाला वाजतगाजत नेण्याची रीत. पण पाऱ्यात, म्हणजे त्यांच्या वस्तीत, मोहरी वाजवणारा आता एकही उरला नव्हता. ज्याने गावातल्या कितीतरी जणांना मोहरीने निरोप दिला, त्याला तसेच मुक्याने न्यायचे का, असे तो विचारत होता. "आप आ जाते तो..." एवढेच तो म्हणाला.

श्यामकांतने फोन ठेवला. गाल सुजलेला होता. रात्री तापही येऊन गेला होता.

"डॉक्टरीण रागावतील," इंदू म्हणाली. "साखर वाढलेली आहे. काही झालं म्हणजे?"

"एका दिवसानं काय होते?"

मग कपाट उघडून तिने स्वेटर बाजूला केले आणि मला बाहेर काढले. "मी पण येते," ती म्हणाली. "तुमच्या एकट्यावर माझा भरवसा नाही."

गावात अंगणात माणसे जमली होती. बाहेर एक छोटी गाडी उभी होती, तिच्यावर एकच स्पीकर आणि कीबोर्ड. कीबोर्डमागे कोणी नव्हते. दयाराम एकुलता एक मुलगा. त्याला आगीचे मडके घेऊन पुढे चालायचे होते. तो आला, श्यामकांतच्या पाया पडला, गाडीपाशी गेला, यंत्राचे एक बटन दाबले आणि मडके उचलायला निघून गेला.

तो लांब गुणगुणता आवाज सुरू झाला. मग संथ ठोका, चालणाऱ्या पावलांच्या लयीत. मग माझी ओळ आली. श्यामकांत ती जागा येण्याची वाट बघत उभा राहिला, पाठ ताठ करून. जागा आली. आणि सूर घसरला, कुठेच न टेकता. दयारामने सगळी लाल निशाणे तशीच ठेवली होती.

श्यामकांतने मला ओठांना लावले.

आम्ही चाललो. यंत्रातली मी मागून गात होते आणि त्याच्या हातातली मी पुढे. साहेबांची ती चाल कुठल्या दूरच्या नदीकाठची, विजेचा ठेका नव्या राजधानीतला, आणि रस्ता धानाच्या खाचरांमधला. मला त्यात काही विजोड वाटले नाही. एक म्हातारी रडता रडता शेजारणीला म्हणाली, "मोहरी हे का?" शेजारीण मान डोलावून म्हणाली, "हव."

तळ्याच्या काठावर पोहोचता पोहोचता श्यामकांतने शेवटचा सूर वाकवायला घेतला. त्याचा वरचा दात माझ्या तोंडावर दाबला गेला, दाबला गेला आणि सुटला. रक्ताची चव मला कळली. आवाज फाटला आणि थांबला. त्याने मला खाली घेतले, रुमाल तोंडाला लावला. इंदूने त्याचा दंड धरला. पण वाजणे थांबले नाही. स्पीकरमधून माझा आवाज तसाच पुढे चालला होता, चितेपर्यंत. मित्रांनो, मी गप्प होते आणि मीच ऐकू येत होते. असे आयुष्यात कधी झाले नव्हते. आनंद झाला की भीती वाटली, हे मला अजून सांगता येत नाही.

त्यानंतर दात निघाले. ताप चढला, श्यामकांतला काही दिवस दवाखान्यात ठेवावे लागले, इंदू त्याच्या उशाशी बसून राहिली. तो बरा होऊन आला. कवळी बसली. एका सकाळी त्याने मला जोडले, फुंकले. नुसती हवा आली. त्याने पुन्हा फुंकले नाही.

आता लग्नसराईत दयारामची गाडी खालून जाते, तेव्हा कधी कधी माझा आवाज येतो. कधी झपाझप ठेक्यात, पोरे त्यावर नाचतात. कधी वरात नवरीच्या दारी पोचते तेव्हा संथ, तो वाकडा सूर जसाच्या तसा. श्यामकांत खिडकी लावत नाही. गॅलरीत कठड्याला धरून उभा राहतो. पण सुरुवातीला मी कपाटातच होते. आवाज रस्त्यावर आणि मी अंधारात. कवळी बसल्यानंतरच्या पहिल्याच कोरड्या हिवाळ्यात माझ्या छातीला तडा गेला. फुंकर नसली की आमचे लाकूड आतून सुकते.

तो तडा इंदूने पाहिला. तेल लावायला तिने पेटी उघडली होती. दयाराम श्यामकांतची विचारपूस करायला आला तेव्हा तिने पेटी सरळ त्याच्या मांडीवर ठेवली.

"तिले बाहेर कोणं काढलं?" श्यामकांत खोलीतून आला.

"मी. आवाज यानं नेला, मंग ही काय शोभेले ठेवता?"

"अंकल, मेरे को तो फूँकना भी नहीं आता," दयाराम घाबरून म्हणाला.

श्यामकांत खुर्ची ओढून त्याच्यासमोर बसला. माझ्या तोंडावरची, फुंकरीने थरथरणारी वेताची जुनी पट्टी त्याने स्वतःच्या हाताने काढली, नवी बसवली आणि मला दयारामच्या हातात दिले.

दयारामने फुंकले. बकरीने ओरडावे तसा आवाज आला. इंदू पदर तोंडाला लावून हसू लागली. बऱ्याच दिवसांनी हसली ती.

तो आता मंगळवारी दुपारी येतो. त्याचा सूर अजून नीट लागत नाही, माझ्या तड्याला त्या फुंकरीने कळ येते आणि शिकवणी संपली की मला अगदी गळून गेल्यासारखे होते. मित्रांनो, माझ्यासारखे काही तुमच्या घरात कुठे पडून असेल, तर त्याचा आवाज तुमच्या यंत्रात भरून घ्या, त्याला हवा तो ठेका जोडा, त्यावर खुशाल नाचा. मी काही त्याला नको म्हणणार नाही. फक्त अधूनमधून त्याला बाहेर काढा, थोडे तेल लावा आणि तुम्हाला येत नसले तरी त्यात फुंकर घाला. वाईट वाजले तरी चालेल. आत ओल राहते.

"सरळ झाला," एखादा सूर लागलाच की श्यामकांत कवळीतून बोबडे बोलत दयारामला म्हणतो. "आता वाकव."